अन्नांतील भेसळ व कायद्याचा हात

आज ज्या विषयासंबंधीं मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, तो कोणा एका पंथाचा, पक्षाचा किंवा पेशाचा विषय नाहीं. दोन वेळां जेवणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो विषय आहे. आपल्या ताटांत जें वाढलें जातें तें, ज्या नांवानें आपण विकत आणलें तेंच आहे काय? आणि तसें नसेल तर त्याचा बंदोबस्त करण्याचें सरकारजवळ कोणतें साधन आहे, तें कितपत चालतें व कोठें अडतें, याचा थोडासा विचार आपण आज करूं.

मी जतचा राहणारा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला, कर्नाटकाच्या सीमेस लागून असलेला हा आमचा कोरडवाहू तालुका. ज्या काळीं घरोघर ज्वारी-बाजरी पाखडून, निवडून जात्यावर दळली जाई, त्या काळीं भेसळीला वाव थोडा होता. दाण्यांत खडा असला तर तो सुपांत दिसे. दाणा किडका असला तर तो बोटांना कळे. आज तीच गृहिणी हळद पुडींतून घेते, तेल डब्यांतून घेते आणि दूध पिशवींतून घेते. दळलेल्या, गाळलेल्या व बंद केलेल्या वस्तूची ओळख डोळ्यांनीं पटत नाहीं. वेष्टनावर जें छापलें असेल त्यावरून ती पटवून घ्यावी लागते. पूर्वीं आपण दाण्यावर विश्वास ठेवीत होतों. आतां छापील अक्षरावर ठेवतों. आणि अक्षर खोटें निघालें तर तें ओळखण्याचें साधन घरांत नसतें. म्हणूनच या कामीं सरकारचा हात लागतो. तो नुसता उपकार नव्हे. व्यापाराची रीत बदलल्यामुळें आलेली ती गरज आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊं. कारण ‘भेसळ’ या एका शब्दाखालीं आपण तीन निरनिराळे दोष घालतों, आणि कायदा त्यांना निरनिराळा मानतो. पहिला दोष अन्न असुरक्षित असण्याचा. त्यांत असें कांहीं असतें कीं, खाणाऱ्याच्या जिवाला किंवा प्रकृतीला अपाय होईल. दुसरा दोष अन्न कमी दर्जाचें असण्याचा. दुधांत पाणी घातलें, तर पिणारा लगेच आजारी पडेलच असें नाहीं. पण त्यानें पैसे दुधाचे दिले व घरीं पाणी नेलें. तिसरा दोष मिथ्या छापेचा; म्हणजे वस्तु एक व वेष्टनावरील नांव दुसरें. या तिसऱ्या दोषाचें ताजें उदाहरण पनीराचें आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजीं वनस्पतितेल घालून पनीरासारखा दिसणारा पदार्थ तयार करतात. खरें नांव सांगून तो विकला तर त्याला मनाई नाहीं. परंतु ‘पनीर’ म्हणून विकला तर ती फसवणूक होते. मार्च २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या विधानसभेंत हा प्रश्न निघाला, आणि एका आमदारांनीं असलें पनीर सभागृहांतच आणून दाखविलें. त्या तुकड्यांत विष नसेलही. पण दुधाचें म्हणून मुलाच्या पानांत वाढलेलें अन्न दुधाचें नव्हतें, हा अपराध कांहीं लहान नव्हे.

आतां कायद्याकडे वळूं. हा गुन्हा नवा नाहीं आणि त्यासाठीं दंडही नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत त्याच रंगाची हलकी वस्तु मिसळणाऱ्यास १२ पण दंड सांगितला आहे. इंग्रजी अमदानींत १८६० च्या भारतीय दंड संहितेनें अपायकारक भेसळीसाठीं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड ठरविला. मुंबई इलाख्यासाठीं १९२५ सालीं भेसळ-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर सर्व देशासाठीं १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला व तो १ जून १९५५ पासून अंमलांत आला. १९७६ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन, भेसळीमुळें मृत्यु ओढवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. पुढें २००६ सालीं अन्न सुरक्षा व मानके कायदा मंजूर झाला. ५ ऑगस्ट २०११ पासून तोच चालू आहे. या कायद्यानें कमी दर्जाच्या अन्नास ५ लाखांपर्यंत, मिथ्या छापेस ३ लाखांपर्यंत, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि असुरक्षित अन्नानें माणूस दगावला तर किमान सात वर्षें, जास्तींत जास्त जन्मठेप आणि १० लाखांहून कमी नाहीं असा दंड होतो.

श्रोतेहो, बारा पणांपासून जन्मठेपेपर्यंतची ही चढती भाजणी पाहिली म्हणजे मनांत सहज प्रश्न उभा राहतो. शिक्षा इतकी वाढली, तर भेसळ त्या मानानें कमी कां झाली नाहीं? माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें, म्हणून मी शाळेंतलीच उपमा देतों. परीक्षेंत नक्कल करणारा मुलगा छडी किती जाड आहे याचा हिशेब करीत नाहीं. गुरुजींची नजर आपल्या बांकापर्यंत पोहोंचते कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. भेसळ करणाऱ्याचाही हिशेब असाच असतो. जन्मठेपेचें कलम पुस्तकांत असून भागत नाहीं. आपण सांपडूं आणि लवकर सांपडूं, अशी त्याची खात्री झाली पाहिजे. आज मला जें सांगावयाचें आहे त्याचें सार एवढेंच आहे.

याची साक्ष इंग्लंडच्या इतिहासांत सांपडते. लंडनमध्यें १८५१ पासून १८५४ पर्यंत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राचे संपादक टॉमस वॅकली यांच्या पुढाकारानें डॉक्टर आर्थर हॅसल यांनीं बाजारांतले पदार्थ विकत घेऊन तपासले. त्यांचें मुख्य हत्यार सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. कॉफींत मिसळलेल्या दुसऱ्या मुळ्यांचे कण त्या भिंगाखालीं उघडे पडले. मोहरीच्या पुडींत गव्हाचें पीठ घालीत आणि तें लपविण्यासाठीं आपल्या देशची हळद मिसळीत, हेंही उघडकीस आलें. तपासणीचे निकाल दुकानदारांच्या नांवपत्त्यांसह छापले गेले. ज्यांचा माल शुद्ध निघाला त्यांचीही नांवें छापलीं गेलीं. तेव्हां पार्लमेंटला हालचाल करावी लागली आणि १८६० व १८७५ चे कायदे झाले. ओळखण्याचें साधन आधीं आलें व कायदा मागाहून आला, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे हें ओळखण्याचें काम ‘नमुना’ या एका गोष्टीभोंवतीं फिरतें. अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी दुकानांत जातो तो वस्तु हिसकावून घेण्यासाठीं नव्हे. तो तिची किंमत मोजून देतो, नमुना घेत असल्याची लेखी सूचना देतो, नमुन्याचे चार भाग करतो आणि प्रत्येक भागावर मोहोर व सही होते. एक भाग अन्न-विश्लेषकाकडे जातो. दोन भाग वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ताब्यांत राहतात. दुकानदारानें मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडतां येतो. विश्लेषकानें १४ दिवसांच्या आंत अहवाल द्यावा, असें कायदा सांगतो. तो अहवाल मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आंत अपील करतां येतें, आणि मग राखून ठेवलेला भाग निर्णायक तपासणीसाठीं वरच्या प्रयोगशाळेकडे जातो. दूध नासूं नये म्हणून त्याच्या नमुन्यांत अधिकारी मोजून फॉर्मॅलिन घालतो. तेंच फॉर्मॅलिन गवळ्यानें विक्रीच्या दुधांत घातलें तर तो गुन्हा होतो! कारण नमुना तपासण्यासाठीं असतो आणि दूध पिण्यासाठीं असतें.

हे सारे सोपस्कार कोणाला कंटाळवाणे वाटतील. ‘चोर समोर दिसत असतां मोहोरा कसल्या लावीत बसतां?’ असें कोणी विचारील. त्याला उत्तर २०१५ सालच्या एका गाजलेल्या प्रकरणांत आहे. नेस्ले कंपनीच्या ‘मॅगी’ नूडल्समध्यें दर दशलक्ष भागांत २.५ भाग या मर्यादेपेक्षां अधिक शिसें आढळल्याचा आरोप झाला. शिवाय, वेष्टनावर ‘वरून एमएसजी घातलेलें नाहीं’ असें छापलें असतां तपासणींत ग्लुटामेट सांपडलें, असा दुसरा आरोप होता. म्हणजे भेसळ व मिथ्या छाप हे दोन्ही प्रश्न एकाच पाकिटांत आले. ५ जून २०१५ रोजीं केंद्रीय प्राधिकरणानें मनाईहुकूम काढला. पाठोपाठ महाराष्ट्राच्या प्रशासनानेंही काढला. पुढें १३ ऑगस्ट २०१५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें हे हुकूम रद्द ठरविले. कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधि मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्यांना त्या कामाची रीतसर मान्यता नव्हती, हीं त्यांतलीं मुख्य कारणें होतीं. मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, तींत शिसें मर्यादेच्या आंत भरलें, आणि नोव्हेंबरमध्यें तो माल पुन्हां बाजारांत आला.

या प्रकरणाकडे कोणी कंपनीचा विजय म्हणून पाहील, कोणी सरकारचा पराजय म्हणून पाहील. मला त्यांत निराळा धडा दिसतो. हुकूम कितीही कडक असो, त्याचा पाया नमुन्यांत असतो. नमुना रीतीप्रमाणें घेतलेला नसेल, प्रयोगशाळा मान्यतेची नसेल, तर निरपराध्याची विनाकारण नाचक्की होते आणि अपराधी असला तर तो पळवाटेनें सुटतो. मोहोर आणि सही हें कारकुनी अवडंबर नव्हे. खऱ्याचें रक्षण आणि खोट्याचा नाश या दोहोंची ती किल्ली आहे.

नमुन्याची भाषा आपल्यालाही वाचतां आली पाहिजे; नाहीं तर वर्तमानपत्रांतल्या एका मथळ्यानें घरभर घबराट पसरते. २०११ सालच्या देशव्यापी दूध-पाहणींत १,७९१ नमुन्यांपैकीं ६८.४ टक्के नमुने ठरीव मानकांत बसले नाहींत. त्याचा अर्थ पुष्कळांनीं असा केला कीं, देशांतलें दोनतृतीयांश दूध विषारी आहे. वस्तुतः बहुतेक नमुन्यांतला दोष पाणी घातल्याचा किंवा घनांश व स्निग्धांश कमी भरल्याचा होता. २०१८ सालच्या पाहणींत १,१०३ गांवां-शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले सुमारें ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित ठरले, आणि आरोग्यास घातक अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत सांपडली. जे इतर नमुने असुरक्षित ठरले, त्यांत जनावराच्या वैरणीवरील बुरशीचें विष किंवा औषधांचा अंश उतरलेला होता. तो दोष गवळ्याच्या लबाडीचा नसून गोठ्यांतील निष्काळजीपणाचा आहे. त्याचा उपाय छापा घालणें हा नव्हे, वैरण कोरडी राखणें हा आहे. रोग ओळखल्याशिवाय औषध देणें जसें व्यर्थ, तसेंच दोष ओळखल्याशिवाय दंड करणें व्यर्थ.

कधीं कधीं कायदा अशी युक्ति करतो कीं, लबाडीनें स्वतःच बोलावें. शुद्ध तुपांत वनस्पति तूप मिसळण्याची खोड जुनी आहे. दोन्ही थिजलेलीं, दोन्ही पांढुरकीं. मिसळल्यावर ओळखावीं कशीं? म्हणून कायद्यानें असा नियम केला कीं, वनस्पति तूप तयार करतांनाच त्यांत किमान ५ टक्के तिळाचें तेल घातलें पाहिजे. तिळाच्या तेलाचा एक गुण आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल व थोडी साखर यांच्याशीं तें हलविलें कीं किरमिजी रंग येतो. साजूक म्हणून दिलेल्या तुपाला असा रंग आला कीं त्यांत वनस्पति मिसळल्याचा संशय पक्का होतो. तीळ म्हणजे आमच्या कोरड्या रानांतलें साधें पीक; पण तुपाच्या चोरावर पहारा ठेवण्याचें काम कायद्यानें त्याच्याकडे सोंपविलें. मोठ्या फौजेपेक्षां अशी एक नेमकी खूण पुष्कळदां अधिक काम करते.

अशी खूण नसली व पहारा ढिला पडला म्हणजे काय अनर्थ होतो, तें दिल्लीनें १९९८ सालीं पाहिलें. आमच्या माळरानांवर पिवळ्या फुलांचा, कांटेरी पानांचा पिवळा धोत्रा आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याचें बीं मोहरीसारखें काळें व बारीक असतें. दिल्लींत त्या बियांचें तेल मोहरीच्या तेलांत मिसळून विकलें गेलें. तें खाऊन सुमारें ३,००० माणसें आजारी पडलीं, त्यांचे पाय सुजले, हृदयावर ताण आला आणि ६० हून अधिक माणसें मरण पावलीं. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें खाद्यतेल बंद वेष्टनांतूनच विकलें जावें, असा हुकूम काढला. आपल्या भागांत शेंगदाण्याचें व करडईचें तेल अधिक चालतें, म्हणून ती आपत्ति आपली नव्हे असें कोणी समजूं नये. सुटें, बिनपावतीचें व बाजारभावाहून फारच स्वस्त असलेलें तेल कोणत्याही बियांचें असो, तें कोठून आलें हें सांगणारा कोणी नसतो.

आतां आपल्या जिल्ह्याच्या खास मालाकडे येऊं. सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा हीं दोन नांवें देशभर ओळखलीं जातात. सांगलीजवळच्या हरिपूर येथें जमिनींत खोल पेंवें खणून हळद सांठविण्याची जुनी रीत होती. राजापुरी हळदीचे सौदे सांगलीच्या बाजारपेठेंत होतात. बेदाण्यास २०१६ सालीं व हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. याचा अर्थ असा कीं, ‘सांगलीची हळद’ हें आतां नुसतें कौतुकाचें नांव राहिलें नसून कायद्यानें राखलेलें नांव आहे. दुसरीकडची हळद त्या नांवानें विकणें ही मिथ्या छाप होय. आमच्या जत तालुक्यांतही शेतकरी द्राक्षें वाळवून बेदाणा करतो. पावसाची वाट पाहत, टँकरच्या पाण्यावर वेल जगवून त्यानें पिकविलेल्या मालाशेजारीं खोट्या नांवाचा स्वस्त माल येऊन बसला, तर खाणारा फसतो तो एकदां. पण पिकविणाऱ्याचें नांव कायमचें बुडतें. भेसळीचा बळी केवळ गिऱ्हाईक नसतो. प्रामाणिक उत्पादकही असतो.

हळदींतील भेसळ रंगाची असते. मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग, किंवा लेड क्रोमेट हें शिशाचें पिवळें संयुग, हे तिचे दोन कुप्रसिद्ध प्रकार. शिसें शरीरांत सांठत जातें व लहान मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटवितें. चव मात्र बिघडवीत नाहीं. या बाबतींत शेजारच्या बांगलादेशानें जें करून दाखविलें तें आपण सर्वांनीं ऐकण्यासारखें आहे. १९८० नंतरच्या दशकांत एका पुरानें हळकुंडें काळवंडलीं, तेव्हां त्यांना झळाळी आणण्यासाठीं तेथें लेड क्रोमेट चोळण्यास सुरुवात झाली, आणि पुढें तो प्रघातच पडला. २०१९ सालीं संशोधकांनीं हा प्रकार उजेडांत आणला. तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणानें बाजारांत सूचनापत्रकें लावलीं, वर्तमानपत्रांतून इशारे दिले, आणि ढाक्याच्या शामबाजार या घाऊक पेठेंत क्ष-किरणांच्या हातांत मावणाऱ्या यंत्रानें जागच्या जागीं हळद तपासून दोघां घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. त्या वेळीं बाजारांतील ४७ टक्के नमुन्यांत शिसें आढळत होतें. २०२१ सालीं तें प्रमाण शून्यावर आलें.

श्रोतेहो, येथें जन्मठेप कोणाला झाली नाहीं. दोघांना दंड झाला. परंतु यंत्र बाजारांत आलें, निकाल तेथल्या तेथें लागला, आणि पेठेंतल्या प्रत्येक व्यापाऱ्यानें तो डोळ्यांनीं पाहिला. शिवाय घाव मुळावर बसला. गल्लींतल्या शंभर दुकानांतून शंभर पुड्या उचलण्यापेक्षां जेथून माल निघतो त्या घाऊक पेठेंतल्या दोन वखारी तपासणें अधिक फलदायी ठरलें. आपल्याकडे पुष्कळदां याच्या उलट घडतें. नमुना सांपडतो लहान किराणा दुकानदाराकडे, आणि पाकीट बंद करणारा दूर कोठेंतरी निर्धास्त असतो. जत तर सीमेवरचें गांव. येथला माल सांगलीकडून येतो तसा विजापूरकडूनही येतो. सांगलीचें जिल्हा कार्यालय येथून ८० किलोमीटरांहून अधिक दूर. कायदा साऱ्या देशाचा एक असला तरी त्याची अंमलबजावणी प्रत्येक राज्य आपापल्या अधिकाऱ्यांकडून करवितें. मालाला सीमा नसते, अधिकाऱ्याला असते. म्हणून दोन राज्यांच्या प्रशासनांनीं एकमेकांस तत्काळ कळविणें, फिरत्या प्रयोगशाळा आठवडी बाजारापर्यंत आणणें, आणि तपासणीचे निकाल, शुद्ध मालाच्या नांवांसह, लोकांपुढें ठेवणें, या तीन गोष्टी कडक शिक्षेच्या आणखी एका कलमापेक्षां मला अधिक मोलाच्या वाटतात.

हें सरकारचें काम झालें. परंतु नमुन्याची सांखळी जेथें सुरू होते तें ठिकाण दुकानाचा फळा आहे, आणि त्या फळ्यापाशीं सरकार उभें नसतें. आपण उभे असतों. तेव्हां कांहीं गोष्टी आपल्याकडे येतात.

पहिली गोष्ट पावतीची. पावती मागणें म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणें, अशी आपल्याकडे एक चमत्कारिक भीड आहे. वास्तविक पावती त्याचेंही रक्षण करते. माल कोणाकडून घेतला याची पावती त्याच्याजवळ असेल तर संशय त्याच्यावरून उठून मुळापर्यंत जाऊं शकतो. नसेल तर सारा भार त्याच्याच डोक्यावर पडतो. दुसरी गोष्ट वेष्टन वाचण्याची. त्यावर चौदा आंकडी परवाना क्रमांक, उत्पादकाचें नांव व पत्ता, घटकांची यादी, वजन आणि तारीख असलीच पाहिजे. घटक ज्याचें प्रमाण जास्त त्या क्रमानें लिहितात. म्हणून यादींतला पहिला शब्द वाचला तरी पुष्कळ उलगडा होतो. फळाचें चित्र मोठें आणि यादींत साखर पहिली, असें आढळलें तर आपण काय विकत घेत आहों तें कळतें. आज घराघरांतून मुलें इंग्रजी वाचतात. त्यांना हें वाचन सांगावें. त्या निमित्तानें त्यांचा अभ्यास होईल व आपलें रक्षण होईल.

तिसरी गोष्ट थोड्यांना ठाऊक आहे. नमुना तपासून घेण्याचा अधिकार केवळ अधिकाऱ्याचा नाहीं. २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमानें तो गिऱ्हाइकालाही दिला आहे. वस्तु घेतांनाच ‘ही मी तपासून घेणार आहें’ असें दुकानदारास सांगावें, ठरलेली फी भरून ती अन्न-विश्लेषकाकडे द्यावी. वस्तु सदोष ठरली तर फी परत मिळते. ज्याला एवढें करणें शक्य नसेल त्यानें प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर कळवावें. त्यासाठीं दूरध्वनीचा आकार पडत नाहीं. तक्रार करतांना मात्र वस्तु, पावती व वेष्टन जपून ठेवावें. ऐकीव गोष्ट दहा ठिकाणीं पसरविण्यापेक्षां एक पावती एका अधिकाऱ्यापर्यंत पोहोंचविणें हें खरें लोककार्य होय.

आणि शेवटची गोष्ट आपल्या डोळ्यांची. हळकुंडाला लेड क्रोमेट चोळणाऱ्यानें तें उगाच चोळलें नाहीं. गिऱ्हाईक अधिक पिवळी हळद उचलतें, म्हणून चोळलें. बेदाण्याला गंधकाची धुरी मर्यादेंत चालते. पण अधिक उजळ बेदाण्याला अधिक भाव मिळतो, म्हणून मर्यादा ओलांडण्याचा मोह होतो. चकाकीला आपण जो जास्तीचा भाव देतों तो भेसळ करणाऱ्याच्या भांडवलांत जमा होतो. खऱ्या हळदीचा रंग किंचित मंद असतो, घरच्या तुपाचा रंग ऋतूप्रमाणें बदलतो, गुळाचा चांगला खडा पुष्कळदां काळसर असतो, हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें. तें ज्ञान पुन्हां घरांत आलें तर अधिकाऱ्याचें निम्मे काम आपोआप होईल.

कायद्याचा हात लांब असतो असें म्हणतात. पण तो किती लांब पोहोंचतो, हें त्याच्या हातांत शुद्ध नमुना, जवळची प्रयोगशाळा व वेळेवर मिळालेला अहवाल आहे कीं नाहीं, यावर अवलंबून असतें. आणि दुकानाच्या फळ्यापासून त्या हाताला वाट दाखविणें हें तुमच्याआमच्याकडे असतें. उद्यां बाजारांत जाल तेव्हां पिशवीबरोबर पावतीही घरीं आणा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.